धन्याचं पाणी आणि माझी मान

“तुमची पुतणी मुकी आहे का हो?”

शेजारच्या देशपांडेकाकूंनी हे अगदी हळू विचारलं होतं. त्यांचं हळू म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढं. मी आतल्या खोलीत, पडद्यामागं, खलबत्त्यात धने भरडत बसले होते. बत्ता हवेतच धरून राहिले. बाहेर ओट्यावर मोठीआई सुपात धने पाखडत होती, तिचं सूप मात्र थांबलं नाही. “मुकी कशाला आसंल?” ती म्हणाली. “इंग्रजी शाळंत शिकलीय.” देशपांडेकाकू “अच्छा, अच्छा” म्हणाल्या, जणू हा आजार त्यांच्या माहेरीही कुणाला तरी होऊन गेला होता. “पण घरात तरी बोलते की नाही?” “घरात बी तसंच. उष्णता हाय, दुसरं काय नाय. डोक्यातली उष्णता खाली उतरली का जीभ आखडती. धनं चालू केल्यात म्या. पाऊस पडायच्या आत बोलायला लागती का नाय, बघा.” त्या वर्षी पाऊस कधी पडणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं ही मुदत वैद्याला आणि रोग्याला, दोघींनाही सोयीची होती. मी बत्ता आवाज न करता खाली ठेवला. आपण मुकी नाही, असं बाहेर जाऊन सांगावं असं मनात आलं. पण त्यासाठी बाहेर जाऊन बोलावं लागलं असतं.

मोठीआई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. लासूर स्टेशनजवळ आमची शेती. विहिरीचा तळ दिसायला लागला तेव्हा मोठेबाबा जनावरांपाशी थांबले आणि पायांना सूज आल्याचं निमित्त करून त्यांनी मोठीआईला शहरात आमच्याकडं धाडलं. ती आली ती एक पत्र्याची पेटी आणि धन्यांचं पोतं घेऊन. शेवटच्या बऱ्या वर्षातलं ते पीक. बाजारात न्यायचं राहून गेलेलं. सिडकोतलं आमचं घर दोन खोल्यांचं, पुढं ओटा, वर गच्ची. त्या दोन खोल्यांत आई, बाबा, मी आणि माझी पुस्तकं कशीबशी मावत होतो. आता कपाटाशेजारी धन्यांचं पोतं उभं राहिलं, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं. रात्रंदिवस त्याचा वास. माझ्या कॉलेजच्या वह्यांना, उशीच्या अभ्र्याला, बाबांच्या कंपनीच्या गणवेशाला, सगळ्याला धन्यांचा वास. वाळूजच्या कारखान्यात बाबांना त्यांचे साहेब म्हणाले होते, तुमच्याजवळ उभं राहिलं की भूक लागते.

शहर त्या वर्षी चारी बाजूंनी फुगत होतं. रोज कुठं तरी नवा पाया खणला जायचा, लोखंडी सळ्या वाजायच्या. आमच्या नळाला पाणी कधी येईल ते सांगता यायचं नाही, पण समोरच्या बांधकामावर विटा भिजवायला टँकर अगदी वेळेवर यायचा. नसीमआपा, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, ब्लाऊज शिवता शिवता म्हणायची, “ईंटां हमसे अच्छे हैं गे, रोज नहाते.” बाबा रविवारी सायकलवर हर्सूलचा तलाव बघून यायचे आणि जेवताना तिथल्या भेगांचं वर्णन करायचे. कुठल्या भेगेत पाय जाईल, कुठल्या भेगेत सायकलचं चाक. आईला ते आवडायचं नाही. आई त्या काळात आमच्या घरची पाणीपुरवठा अधिकारी होती. तांदळाचं धुवण भाजीला, भाजीचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं गच्चीवरच्या कोथिंबिरीच्या टोपल्याला. एक घोट पाणी आमच्या घरात शिरलं की निवृत्त होईपर्यंत चार नोकऱ्या करायचं. कोथिंबीर लावायची कल्पना मोठीआईची. भाजीवाल्यांनी वरून काडी टाकणं बंद केलं होतं. पूर्वी पावशेर वांगी घेतली की चार काड्या न मागता यायच्या, आता मागितल्या तर भाजीवाला सोनं मागितल्यासारखा बघायचा.

तर माझं औषध असं: रात्री भरडलेले धने मातीच्या बोळक्यात भिजत घालायचे, वर फडकं बांधायचं, बोळकं खिडकीत वाऱ्याला ठेवायचं. सकाळी कुस्करून गाळायचं, त्यात खडीसाखर घालायची आणि काही न खाता प्यायचं. खरं सांगते, ते पाणी वाईट नव्हतं. मातीचा गारवा, थोडा तुरटपणा, शेवटी जिभेच्या मुळाशी लिंबासारखं काहीतरी. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सकाळी आठलाच भिंती तापतात, तेव्हा ते पोटात गेलं की आतून कुणीतरी हातपंख्यानं वारा घातल्यासारखं वाटायचं. माझी जीभ सोडून बाकी सगळं त्यानं सुधारलं. सकाळची जळजळ गेली, तोंड यायचं ते थांबलं. मोठीआई मात्र रोज माझा पेला रिकामा झाला की माझ्या तोंडाकडं बघत उभी राहायची, आता काहीतरी बाहेर पडेल अशा आशेनं. मी पेला विसळायला जायचे. “ऱ्हाऊ दे,” ती आईला म्हणायची, “जुनं दुखणं हाय, येळ लागतो.”

माझ्या दुखण्याचा तिथं काही उपयोग झाला असेल तर तो जाहिरातीसारखा झाला. देशपांडेकाकूंचं पोट बिघडलं, त्या आल्या. त्यांना धने आणि सुंठ उकळून दिली, उतरलं. नसीमआपाच्या धाकट्या मुलीचे डोळे धुळीनं लाल झाले, तिला धने उकळून, दुहेरी फडक्यानं गाळून, गार करून त्या पाण्याच्या घड्या डोळ्यांवर ठेवल्या, तीन-चार दिवसांत ओसरले. कुणाला उन्हाळी लागली, लघवीला आग व्हायला लागली, की मोठीआई विचारायच्या आधीच बोळक्याकडं बघायची. “दोन पेलं पी. लघवी साफ व्हती. घडी घडी जावं लागंल, पर आग जाती.” कुणाचा घोळणा फुटला तर गच्चीवरच्या कोथिंबिरीची चार पानं कुस्करून हुंगायला. जेवण जड झालं तर भाजलेली धनाडाळ. ओट्यावर दुपारी दरबार भरायला लागला. मी आतून भरड पुरवायचे. कंपाउंडरला बोलायची गरज नसते, म्हणून मला ते काम मानवलं होतं.

पण बाबांच्या कारखान्यात येणारं एक इंग्रजी मासिक घरी आलं आणि माझी बढती झाली. त्यात कोपऱ्यात घरगुती औषधांवर चार ओळी होत्या आणि शेजारी कोथिंबिरीची जुडी काढलेली. मोठीआईनं चित्र ओळखलं. मला ओट्यावर बोलावून, बायकांसमोर म्हणाली, “वाच गं मंजे. काय म्हणायलेत इंग्रजीत?” मला वाचता आलं, अडचण पुढं होती. मला त्या झाडाचं लॅटिन नाव पाठ होतं, फुलाची रचना काढून दाखवता आली असती, पण पचनमार्गाचा दाह शमवणं याला आमच्या ओट्यावर काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. मी शब्द शोधत उभी राहिले. छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये वक्तृत्वाच्या तासालाही मी अशीच उभी राहायचे; समूहगीतात तर दहा वर्षं नुसते ओठ हलवले. मोठीआईला धीर निघेना. “पोट थंड ऱ्हातं म्हणायलेत नं?” मी मान हलवली. “आन् भूक लागती?” तेही होतं, मी मान हलवली. “बघा!” ती सगळ्यांना म्हणाली. “इंग्रजीत बी तेच हाय.”

त्या दिवसापासून माझी मान ही एक संस्था झाली. मोठीआई औषध सांगायची आणि आतल्या बाजूला वळून “नाय का गं?” विचारायची, मी पडद्याच्या फटीतून मान हलवायचे, की औषधावर इंग्रजीचा शिक्का बसायचा. आतापर्यंत माझ्या गप्प राहण्याला घुमेपणा म्हणायचे ते त्याला विद्वत्ता म्हणायला लागले. मलाही ते बरं वाटत होतं, हे कबूल केलं नाही तर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. आज माझ्या फोनवर रोज सकाळी कुणी ना कुणी कोथिंबिरीचे फायदे पाठवतं. साखर, चरबी, थायरॉइड, केस, सगळं बरं करणारी कोथिंबीर. खाली हात जोडलेले. मी ते वाचते आणि खोलीत एकटी असूनही मान हलवते. तितकी जुनी सवय आहे ती.

मोठीआईला बीपी होतं. आल्या आठवड्यातच बाबांनी तिला गुलमंडीजवळच्या डॉक्टरांकडं नेलं होतं, मी चिठ्ठी वाचायला बरोबर. डॉक्टरांनी तिचे पाय दाबून पाहिले, खड्डा पडला तो तसाच राहिला. रोज सकाळी एक गोळी सांगितली. “या गोळीनं लघवीला जास्त होईल आजी, घाबरायचं नाही. अंगातलं जास्तीचं पाणी जातं. गोळी मनानं सोडायची नाही, सोडली तर बीपी डोक्यात चढेल.” मोठीआईनं हे ऐकून घेतलं आणि रिक्षात मला म्हणाली, “दुष्काळात कुणाच्या अंगात जास्तीचं पाणी ऱ्हातं का गं?” आठ-दहा दिवस तिनं गोळी घेतली. पाय उतरले, जोडवी पुन्हा बोटांत फिरायला लागली. मग एका सकाळी संडासातली बादली रिकामी बघून आई स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणाली, “कोण ओततंय एवढं पाणी? टमरेल आहे ना तिथं? मी कुठून आणू आता?” तिचा रोख बाबांवर होता. बाबा नेहमी बादलीच उपडी करायचे. त्यांनी वर्तमानपत्र आणखी जरा वर धरलं. पण ओट्यावर मोठीआईचं सूप थांबलं. देशपांडेकाकूंनी मला मुकी म्हटलं तेव्हा न थांबलेलं सूप तेव्हा थांबलं, ते मी ऐकलं.

गप्प माणसाला कामं कमी आणि दिसतं जास्त. मला दिसायला लागलं की मोठीआई सगळ्यांना धन्याचं पाणी पाजते पण स्वतःचा पेला नुसता हातात धरून बोलत राहते, आणि दरबार उठला की तो पेला घेऊन गच्चीवर जाते. कोथिंबिरीवर हात फिरवायला, असं म्हणायची. दुपारी आई पाणी द्यायला गेली की म्हणायची, “नगं, तहानच नाय.” बेचाळीस अंशांच्या उन्हात. सकाळी आईच्या देखत ती गोळी तोंडात टाकायची आणि लगेच उठायची, “कोथमिरीला बघून येते.” मी एकदा भांड्यांचं पाणी घेऊन गच्चीवर गेले. टोपल्यात कोथिंबीर हिरवीगार, गुडघाभर. आमच्या गल्लीत एवढं तृप्त दुसरं कुणीच नव्हतं. पाणी ओतलं तशी वरची माती वाहून गेली आणि देठांच्या मधून पांढरं काहीतरी वर आलं. आधी वाटलं खडूचा तुकडा. मग दुसरा दिसला, तिसरा अर्धा विरघळलेला. आमच्या कोथिंबिरीला बीपीची गोळी चालू होती.

मी तिथंच उकिडवी बसले. हसू आलं, ते अर्ध्यात राहिलं. ती गोळी सोडून बसली होती, कारण गोळीनं जावं लागतं. धन्याचं पाणी पीत नव्हती, कारण त्यानंही जावं लागतं. साधं पाणी पीत नव्हती, कारण जावं लागतं. आणि जाण्याला पाणी लागतं. दिराच्या घरात, धाकट्या जावेसमोर, बादली रिकामी करणारी बाई व्हायचं नव्हतं तिला. खाली आले तेव्हा ती पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि लुगड्याच्या काठाखाली मला तिची जोडवी दिसली. कणकेत दोरा रुतावा तशी बोटांत रुतलेली.

हे आईला सांगायचं होतं. मी वाक्य तयार केलं. इंग्रजीत तयार केलं, कारण मी विचार इंग्रजीत करते असा माझा त्या काळी समज होता. मग त्याचं मराठी केलं. मराठीत ते आईवर आरोप केल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून पुन्हा इंग्रजीत नेलं. या येण्याजाण्यात दोन दिवस गेले. एकदा स्वयंपाकघरात जाऊन “आई” इतकं म्हणालेही. आई पोळी लाटत होती. “काय?” “काही नाही.” बाबांना सांगावं तर बाबा वाळूजच्या बसला पळत. मोठीआईला सांगावं तर ती माझ्या तोंडाकडं अशा आशेनं बघायची, की माझ्या घशातलं सगळं परत खाली जायचं. एकदा दुपारी उठताना तिनं भिंत धरली. “काय नाय, मुंग्या आल्या,” म्हणाली. डोकं दोन्ही हातांनी दाबून जरा वेळ तशीच उभी राहिली.

त्याच दुपारी दरबार भरला तेव्हा देशपांडेकाकू डॉक्टरांकडून आल्या होत्या. त्यांनाही बीपी निघालं होतं. पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी मोठीआईसमोर धरली, नैवेद्य दाखवावा तशी. “आयुष्यभर घ्यायच्या म्हणे हो. मला सांगा, धन्यानं नाही का भागणार? धने तर थंड.” नसीमआपा कात्री चालवत होती ती थांबली. आई दारात तांदूळ निवडत होती. मी पडद्यापाशी. मोठीआईचा पेला तिच्या हातात तसाच, भरलेला. “न भागायला काय झालं?” ती म्हणाली. “मला बघा की. म्या कवाच सोडली गोळी. धनं घेते नं रोज. हाय का काय झालेलं?” आईनं तांदळातून मान वर केली. “अक्का, सोडली म्हणजे? रोज घेताय की तुम्ही.” मोठीआईला आपण काय बोलून बसलो ते कळलं आणि तिनं माझ्याकडं मोहरा वळवला. “आगं, इंग्रजीत बी लिवलंय. इचार हिला. बीपीला धनं चालत्यात, गोळी लागत नाय. नाय का गं मंजे?”

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. आणि लाज वाटते सांगायला, माझी मान हलायला लागली. सवयीनं, आपोआप. निम्मी खाली गेली आणि तिथं अडकली. वर येईना, पुरी खाली जाईना. मी एका अंगानं अवघडलेल्या उंटासारखी उभी. काकूंची गोळ्यांची पट्टी पर्सच्या तोंडाशी होती, माझी मान पूर्ण खाली आली असती तर पट्टी गटारात गेली असती. मोठीआईची जोडवी मला दिसत होती. मी तोंड उघडलं आणि दहा वर्षं कॉन्व्हेंटला फी भरून कमावलेला एकच शब्द बाहेर पडला: “नो.”

एकच गलका झाला. “अगे माँ, छोरी बोली!” नसीमआपानं कात्री टाकली. “क्या बोली? क्या बोली?” देशपांडेकाकू टाळ्या वाजवायला लागल्या. मोठीआईच्या डोळ्यांत पाणी. “बघा! बघा!” ती सगळ्यांना सांगत सुटली, “म्हणले होते का नाय, पाऊस पडायच्या आत? धन्यानं जीभ सुटली पोरीची!” मी काय बोलले याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, मी बोलले हेच औषधाचं यश. नकार दिला होता मी, आणि तो धन्याच्या खात्यावर जमा झाला. काकू पट्टी पर्समध्ये न ठेवता हातात घेऊन उठायच्या बेतात होत्या. म्हणजे मला पुन्हा बोलावं लागणार होतं, आणि या वेळी मराठीत, आणि सबंध.

पुढचं सांगून टाकते. मोठीआई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. गोळी घ्यायची, आणि ती धन्याच्या पाण्याबरोबर घ्यायची, म्हणजे मान गोळीला मिळू नये. आईनं त्याच संध्याकाळी न्हाणीतलं मोठं पिंप संडासाच्या दाराशी नेऊन ठेवलं आणि ते भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहणाऱ्याला गप्प राहून चालत नाही, तिथं माझी जीभ जी सुटली ती सासरचे म्हणतात अजून आवरत नाही. मोठीआईनं शेवटपर्यंत याचं श्रेय धन्यांनाच दिलं आणि मी कधी खोडून काढलं नाही. आजही सकाळी बोळक्यातलंच पाणी पिते. पोटाला बरं असतं. माझ्या गोळ्या त्याच्या शेजारी ठेवलेल्या असतात.

पण त्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. गल्लीतल्या बायका माझ्याकडं बघून हसत होत्या, समोर विटांवर टँकरचं पाणी पडत होतं, आणि माझ्या आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण मी पडदा बाजूला सारून, दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून केलं. आवाज इतका मोठा निघाला की बांधकामावरचे गवंडीसुद्धा वळून बघायला लागले:

“मोठीआई, गोळ्या कोथिंबिरीत पुरू नकोस, खा! आणि लागेल तितक्या वेळा संडासला जा, पाणी मी आणते!”